तीनदा ज्योतीवरून

क्षयरोग केंद्राच्या मागच्या अंगणात रोज सकाळी साडेनऊला हशा पिकायचा. नवखा माणूस फाटकातून आत आला की त्याला वाटायचं, आपण पत्ता चुकलो. इथे खोकणारी माणसं असायला हवीत, आणि ही तर पोट धरून हसतायत! मग हळूहळू हसण्याचा खोकला व्हायचा, खोकला वाढत जायचा, आणि जो तो पाठ फिरवून आपापली डबी तोंडाशी धरायचा. एवढं झालं की वारा पाठीशी घेऊन उभी असलेली एक बुटकी, गोलमटोल बाई मास्कच्या आतून ओरडायची, “झाकणं घट्ट लावा! सांडवाल तर माझ्या सासूबाईंना बोलावीन!”

ही गुलाबताई. तिचं खरं नाव हजेरीपटात आणि सासूबाईंच्या रागात तेवढं यायचं. पंचवीस वर्षं गुलाबी रंगाशी खेळून तिची नखं कायमची गुलाबी झाली होती. हातमोजे घालूनही तो रंग आत कुठून शिरायचा, हे तिला स्वतःलाही उमगलं नव्हतं. काम म्हणाल तर सरळ. बेडका काचेवर पसरायचा, वाळू द्यायचा, मग ती काच स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीवरून झपाझप तीनदा फिरवायची म्हणजे तो काचेला चिकटून बसतो. मग गुलाबी रंग, मग आम्ल, मग निळा रंग. बाकी सगळं निळं होतं, टीबीचा जंतू तेवढा हट्टी, तो गुलाबीच राहतो. मायक्रोस्कोपखाली शंभर जागा बघायच्या आणि गुलाबी काड्या किती दिसतात त्यावरून वहीत एक, दोन किंवा तीन अधिकची चिन्हं काढायची. औषध सुरू झालं की दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच. अधिक कमी होत गेले म्हणजे इलाज लागू पडतोय.

एक काच, दोन रंग, एक दिवा आणि एका बाईचे डोळे, एवढ्यात भागणारी ही तपासणी. पण तिला जे लागतं ते कुठल्याही दुकानात मिळत नाही, आणि ते म्हणजे छातीच्या तळातून वर आलेला अस्सल बेडका. लोक आणतात थुंकी. थुंकीत जंतू सापडत नाही, मग कागदावर माणूस ठणठणीत आणि घरी तापानं फणफणलेला. सुरुवातीची तीन वर्षं ताई भिंतीवरची छापील सूचना वाचून दाखवायची, ‘खोल श्वास घ्या, छातीतून खोका.’ लोक माना डोलवायचे आणि इमानेइतबारे थुंकायचे.

मग एक दिवस एक गृहस्थ डबी घेऊन आले. आतला माल बघून ताई हरखली. “वा! आज जमलं की!”

गृहस्थ संकोचून म्हणाले, “माझा नाही हो तो. बायकोचा आहे. माझा काही चांगला येत नाही. तिचं सगळंच माझ्यापेक्षा चांगलं असतं.”

बाकावरची रांग खो खो हसली, हसता हसता खोकली, आणि त्या दिवशी बाराच्या बारा डब्यांत खणखणीत बेडका. ताईनं ते बघितलं आणि भिंतीवरची सूचना उतरवून टाकली. त्या दिवसापासून ती रोज विनोद सांगते. वरून एकदा साहेब तपासणीला आले होते, त्यांनी विचारलं, “इथले नमुने इतके चांगले कसे?” ताई म्हणाली, “मार्गदर्शन करते, साहेब.” साहेबांनी वहीत ‘मार्गदर्शन उत्तम’ असं लिहिलं.

विनोद आधी घरी तपासून घेतले जायचे. ताईच्या सासूबाई ऐंशीच्या. खिडकीशी खुर्ची, हातात लोकरीचं विणकाम, आणि सूनबाईंच्या प्रत्येक विनोदावर दोनच निकाल, ‘चालेल’ किंवा ‘टाक’. त्यापुढे अपील नाही. गेल्या बारा वर्षांत म्हातारी मोकळेपणी हसली ती तीनदा, आणि त्यातल्या दोन वेळा सून पायरीवरून पडली होती.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना घड्याळवाला आला.

बाजाराच्या वळणावर एका जिन्याखाली त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, एक टेबल, एक दिवा आणि भिंतभर टिकटिक. माणूस उंच, काटकुळा, पन्नाशीचा. डोळ्याला भिंग लावून लावून एक भुवई कायमची वर चढलेली, त्यामुळे तो सतत तुमच्यावर शंका घेतोय असं वाटायचं. आणि तो घेतच असायचा. निदानाच्या वेळी त्याला बायकोनं धरून आणलं होतं, तेव्हा खोकला एवढा होता की विनोदाची गरजच पडली नाही. तीन अधिक. गोळ्या सुरू झाल्या, ताप गेला, भूक लागली, खोकला पळाला. आणि दोन महिन्यांनी फेरतपासणीला तो ताईच्या बाकावर येऊन बसला.

ताईनं आपला हुकमी विनोद काढला, बायकोचा बेडका आणणारा गृहस्थ. बाक हसलं. घड्याळवाला विचारात पडला.

“मग त्यांचा रिपोर्ट काय आला?”

“कुणाचा?”

“त्या बाईंचा. बेडका त्यांचा होता ना? मग त्यांना टीबी होता की नव्हता?”

इतक्या वर्षांत हे कुणीही विचारलं नव्हतं. ताई जरा आठवून म्हणाली, “नव्हता.”

“मग ठीक,” तो म्हणाला आणि डबीत थुंकला.

निव्वळ थुंकी. वर फेस. ताईनं दुसरा विनोद सांगितला, तर त्यानं त्यातल्या गाडीची वेळ विचारली. तिसरा सांगितला, तर म्हणाला, “यात एक गोष्ट जुळत नाही.” बंद पडलेलं घड्याळ उघडावं तसा तो विनोद उघडून बघायचा आणि निसटलेलं चाक ताईच्या हातात ठेवायचा. ताईनं आत जाऊन, दार लावून, अगदी पुटपुटत म्हटलं, “माणूस आहे की दगड!”

दोन दारांपलीकडच्या बाकावरून आवाज आला, “दगडाची डबी भरली. घेऊन जा.”

तेव्हा कळलं की ह्या गृहस्थाचे कान काय आहेत. त्याला एका डोळ्यानं कमी दिसायचं, पण घड्याळ कानाला लावून तो सांगायचा की कुठला दात झिजलाय. ताई रंगाची मिनिटं मोजायला टेबलावर एक जुनं घड्याळ ठेवायची, ते त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. तरी जाताना म्हणाला, “ताई, तुमचं आतलं घड्याळ लंगडतंय. एक पाऊल लांब टाकतं, एक आखूड.” ताईनं नाक मुरडलं. पण नंतर कान लावून ऐकलं, तर लंगडत होतं.

पाचव्या महिन्यात मात्र नशीब उघडलं, असं ताईला वाटलं. घड्याळवाल्यानं कुठल्याशा जुन्या मनोऱ्याचं घड्याळ साफ करायला घेतलं होतं, त्याची धूळ छातीत गेली आणि आदल्या रात्रीपासून तो खोकत होता. डबीत चक्क बेडका. ताईनं त्याला शाबासकी दिली, आत गेली, काच रंगवली, डोळा लावला आणि तिचं तोंड उतरलं. निळ्यावर गुलाबी काड्या. फार नाहीत, पण होत्या. वहीत एक अधिक.

ही गोष्ट त्या दिवसांतली, जेव्हा नियम असा होता की पाच महिने गोळ्या घेऊनही जंतू दिसले तर इलाज फसला असं धरायचं आणि माणसाला दुसऱ्या इलाजावर टाकायचं. दुसरा इलाज म्हणजे कित्येक महिने रोज सुई. त्या सुईनं जंतू मरायचे, पण काही जणांचे कानही जायचे. आणि एकदा गेले की गेले.

केंद्राची डॉक्टर तरुण होती, नियमाला पक्की आणि मनानं चांगली. तिनं घड्याळवाल्याला समोर बसवून सगळं स्वच्छ सांगितलं.

तो ऐकून घेऊन म्हणाला, “कितीजणांचे जातात?”

“चार-पाचांत एकाचे तरी. सगळेच नाही जात, पण बारीक आवाज आधी जातात.”

“बारीकच ऐकायचे असतात मला,” तो म्हणाला. बायको शेजारीच होती. ती डॉक्टरला म्हणाली, “मॅडम, ह्यांना दिसायचं तेवढंच दिसतं. हे पोट भरतात ते कानांवर.” घड्याळवाल्यानं खिशातलं एक घड्याळ काढलं, कानाला लावलं आणि उगाचच ऐकत राहिला. ताई दारातून बघत होती. तिला इतकं वाईट वाटलं की तिनं दिवसभर कुणाची थट्टा केली नाही.

दुपारी ती डॉक्टरच्या खोलीत शिरली. “मॅडम, हा माणूस सहा किलोनं वाढलाय. ताप नाही, धाप नाही. त्या काड्या मेलेल्या असणार. माझा गुलाबी रंग जिवंत ओळखत नाही आणि मेलेला ओळखत नाही, सगळ्यांना सारखाच लागतो.”

“असणार म्हणजे काय, ताई? कल्चर लावू, जंतू उगवतात का बघू. पण त्याला आठ आठवडे लागतात. तोवर जिवंत जंतू घेऊन मी त्यांना बाजारात बसू देऊ? शेजारी बायको बसते त्यांची.”

मग ताईनं आपलं शिबिर बाहेर काढलं. तीन महिन्यांपूर्वी चार दिवस ती एक नवी स्वस्तातली पद्धत शिकून आली होती. बर्फाच्या कप्प्यात ठेवायची चिमूटभर पूड, तिचं पाणी करून काचेवर घालायचं. जंतू जिवंत असेल तर तो ते पोटात घेतो आणि निळ्या उजेडात हिरवा चमकतो. मेलेला काय पोटात घेणार? तो अंधारातच राहतो. जुन्याच मायक्रोस्कोपला बसवायचा निळा दिवा ताईच्या कपाटात खोक्यासकट पडून होता. अट एकच, बेडका ताजा हवा आणि खोल हवा.

डॉक्टरनं बराच वेळ पेनाचं टोपण फिरवलं. “नियमात हे नाही. पण जिवंत एकही दिसला नाही, तर कल्चर येईपर्यंत सुई थांबवायची शिफारस मी लिहीन. शुक्रवारी दुपारी दोनला फाइल वर जाते. त्याच्या आत.”

तो बुधवार होता.

गुरुवारी सकाळी घड्याळवाला बाकावर हजर. धूळ निघून गेली होती आणि तिच्याबरोबर खोकलाही. ताईनं वर्षानुवर्षं राखून ठेवलेला विनोद काढला, सासूबाईंनी विणकाम खाली ठेवून ‘चालेल’ म्हटलेला. एक कुटुंबप्रमुख एकाच डबीत घरातल्या सातही जणांची थुंकी घेऊन येतो आणि म्हणतो, सगळ्यांचं एकदम बघून टाका, परत परत खेप नको.

“डबी लहान नाही पडली?” घड्याळवाल्यानं विचारलं.

ताईनं हात टेकले. मग तिनं त्याला गच्चीपर्यंतचा जिना तीनदा चढायला लावलं. बायको खालून मोजत होती आणि तो वरून, दोघांचा आकडा जुळेना म्हणून एकदा जास्तच चढला. मग मिठाच्या गरम पाण्याची वाफ दिली, डोक्यावरून टॉवेल. पंधरा मिनिटांनी टॉवेलच्या आत खरखर झाली आणि अर्धा चमचा बेडका निघाला. सोनं सापडल्यासारखी ताई तो घेऊन आत पळाली. थोडा काचेवर घेतला आणि उरलेला सगळा कल्चरच्या बाटलीत, कारण मोठ्या प्रयोगशाळेची गाडी साडेदहाला सुटायची.

एक काच घड्याळवाल्याची. दुसरी एका रंगाऱ्याची. तो आदल्याच दिवशी आला होता, तीन अधिक, अजून एक गोळीही पोटात गेलेली नव्हती, म्हणजे त्याचे जंतू जिवंत असणारच. ते हिरवे चमकले की पूड चांगली आहे असं समजायचं. ताईनं बेडका पसरला, काचा वाळल्या, हातांनी आपलं काम केलं. पुडीचं पाणी घातलं. शरीराएवढ्या उबेत, अंधारात अर्धा तास ठेवायचं होतं. त्यासाठी तिनं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात गरम पाण्याची पिशवी आणि तापमापक ठेवलं होतं. अर्धा तास ती डब्याभोवती येरझाऱ्या घालत होती.

मग निळा दिवा लावला, खिडकीवर चादर टाकली. घड्याळवाल्याची काच. शंभर जागा काळ्या, दोनशे काळ्या, तीनशे काळ्या! ताई अशी उठली की स्टूल मागे कोलमडलं.

“ताई, स्टूल पडलं,” बाहेरून आवाज आला.

डॉक्टर आली, तिनंही बघितलं, आणि बुधवारपासून पहिल्यांदा हसली. तेवढ्यात तिला फोन आला. “दुसरी काच बघून कळवा, मी लिहायला घेते,” असं म्हणत ती गेली. ताईनं ऐटीत रंगाऱ्याची काच सरकवली. आता बघू रोषणाई!

काळोख.

तिनं काच पुसली नाही, भिंग पुसलं. काळोख. तीन अधिकचा माणूस, लाखोंनी जिवंत जंतू, आणि एक ठिपका चमकेना. पूड बिघडली म्हणावं, तर ती सकाळीच बर्फातून काढलेली. मग तिची नजर टेबलाच्या कोपऱ्यात गेली. स्पिरिटचा दिवा. त्याची ज्योत शांतपणे जळत होती. ह्या पद्धतीत दिव्याचं कामच नव्हतं. शिबिरात त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘ज्योत नको.’ भाजलेला जंतू जिवंत कसा राहणार?

तिनं दिवा कधी पेटवला ते तिला आठवेना. पंचवीस वर्षं जो हात रोज चाळीस-पन्नास काचा ज्योतीवरून तीनदा फिरवत आला, त्यानं आजही फिरवल्या होत्या. विचारलं नाही, सांगितलं नाही. ताईनं कपाळावर हात मारून घेतला.

“काय झालं?” बाहेरून घड्याळवाल्यानं विचारलं.

ताईनं दार लोटून घेतलं. डॉक्टर पलीकडच्या खोलीत शिफारस लिहीत होती. एवढंच म्हणायचं होतं, ‘रंगाऱ्याचे चमकले, मॅडम.’ कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. तिची तर खात्रीच होती, त्या काड्या मेलेल्याच होत्या. खोटं बोलण्याचं तिला वावडंही नव्हतं. सासूबाईंना ती रोज दोनदा तरी शेंडी लावायची, आणि त्या लावून घ्यायच्या. पण काचेबद्दल ती आजवर कधी खोटं बोलली नव्हती. आणि जिवंत असले तर? तो दुकानात बसेल, शेजारी बायको बसेल, आणि दोन महिन्यांनी ती डबी घेऊन ह्याच बाकावर येईल. ताईला भीती वाटली, ह्या कामात इतक्या वर्षांत वाटली नव्हती तेवढी.

ती उठून डॉक्टरकडे गेली आणि सांगून टाकलं. डॉक्टरनं लिहिलेला कागद फाडला. ओरडली नाही, तेच जास्त लागलं. “उद्या दोन वाजता, ताई,” एवढंच म्हणाली.

बाहेर येऊन ताई घड्याळवाल्याला म्हणाली, “उद्या परत यावं लागेल. रंग नीट बसला नाही.” त्यानं भुवई आणखी वर चढवली आणि निघून गेला.

संध्याकाळी घरी आल्यावर आंघोळ करून ती सासूबाईंसमोर जमिनीवर बसली आणि सगळं ओकून मोकळी झाली. सासूबाईंनी विणकाम खाली ठेवलं.

“पुन्हा सांग. हात कसा गेला?”

ताईनं चमचा घेतला आणि हवेत तीनदा फिरवून दाखवला. “असा.”

म्हातारीचे खांदे हलायला लागले. मग पोट हलायला लागलं. मग तिनं कवळी काढून हातात घेतली.

“आई! मला इथे रडू येतंय आणि तुम्ही हसताय?”

“तू रड ना. मी कुठे नको म्हणते?” सासूबाईंनी डोळे पुसले, कवळी बसवली. “त्या माणसाला काय सांगितलंस?”

“रंग नीट बसला नाही म्हणून.”

“टाक,” सासूबाई म्हणाल्या आणि विणकाम उचललं.

शुक्रवारी साडेनऊला बाक भरलेलं होतं. ताई अंगणात आली ती मान खाली घालून. घड्याळवाल्यासमोर उभी राहिली आणि सगळ्यांसमोरच म्हणाली, “काल मी तुमच्याशी खोटं बोलले. रंग चांगला बसला होता. चूक माझी झाली.” आणि तिनं न रंगवता, आहे तसं सांगितलं. ह्या तपासणीत काय बघतात, कसं बघतात, आणि तिच्या हातानं काय केलं.

घड्याळवाल्यानं नेहमीप्रमाणे तपासणी सुरू केली. “किती वेळा फिरवली?”

“तीनदा.”

“दोन्ही काचा?”

“दोन्ही.”

“कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही. सवय.”

“म्हणजे,” तो सावकाश म्हणाला, एकेक चाक जागेवर बसवत, “जंतू जिवंत आहेत का ते बघायचं होतं. तर आधी तुम्ही त्यांना भाजलं. मग अर्धा तास उबेत ठेवलं. आणि मग दिवा लावून विचारलं, बाबांनो, जिवंत आहात का?”

“हो,” ताई म्हणाली.

“आणि कुणी उत्तर दिलं नाही म्हणून आनंदानं स्टूल पाडलंत.”

“हो हो, पाडलं!”

त्याची भुवई खाली आली. पाच महिन्यांत पहिल्यांदाच दोन्ही भुवया एका रेषेत दिसल्या. “जुळतंय,” तो म्हणाला. “ह्यात सगळं जुळतंय!” आणि त्याच्या पोटातून कुठून तरी एक विचित्र आवाज निघाला, गंजलेल्या गजराला किल्ली दिल्यासारखा. बायको घाबरून उठली. “अगं बाई, ह्यांना काय होतंय?” त्याला हसू येत होतं. तो बाकावर हात आपटून हसला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला, मध्येच हवेत हात तीनदा फिरवून दाखवला आणि पुन्हा हसला. अख्खं बाक त्याच्याबरोबर हसलं. मग खोकला आला, पार तळातून, त्यानं पाठ फिरवली, डबी धरली, आणि ताईच्या हातात ठेवली तेव्हा ती अर्धी भरलेली होती. ताईला त्या बेडक्याचा मुका घ्यावासा वाटला. घेतला नाही, एवढं तिला शिबिरात शिकवलेलं होतं.

आत जायच्या आधी तिनं टेबलावरून स्पिरिटचा दिवा उचलला आणि घड्याळवाल्याच्या बायकोच्या मांडीवर आणून ठेवला. “वहिनी, हा धरून बसा. मी मागितला तरी द्यायचा नाही. ओरडले तरी नाही.”

दहा मिनिटांनी आतून हाक आली, “वहिनी, तो दिवा जरा—”

“नाही देणार!” वहिनींनी दिवा पदराखाली घेतला.

आत काच धरलेला ताईचा हात रिकाम्या हवेत तीनदा फिरला आणि परत आला. त्याला त्याची सवय, काय करणार?

काचा डब्यात गेल्या. लंगड्या घड्याळात अर्धा तास झाला. ह्या वेळी तिनं आधी रंगाऱ्याची काच लावली, त्यानं पहिली गोळी घ्यायच्या आधी त्या सकाळी दिलेल्या बेडक्याची. डोळा टेकवला. हिरवंगार! काळ्यावर हिरव्या काड्या, इकडे, तिकडे, जिथे बघावं तिथे. बिचाऱ्या रंगाऱ्याला त्याचं काही कौतुक वाटलं नसतं, पण ताईला ते इतकं सुंदर दिसलं की ती क्षणभर बघतच राहिली. मग तिनं घड्याळवाल्याची काच सरकवली.

पहिली जागा काळी. दहावी काळी. पन्नासाव्या जागी काहीतरी हिरवं दिसलं आणि तिनं भिंग पुन्हा नीट लावलं, तर तो कसलासा आकारहीन कण निघाला, काडी नव्हे. शंभर झाल्या. तिचे डोळे भरून यायला लागले, ते बाहीनं टिपून तिनं पुढे मोजलं. दोनशे. अडीचशे. आठ आठवड्यांनी मोठ्या प्रयोगशाळेचं उत्तरही आलं, बाटलीत काहीच उगवलं नव्हतं. पण त्या दिवशी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी फक्त ती काच होती, निळा उजेड होता, आणि दोन वाजता वर जाणारी फाइल होती. दोनशे नव्व्याण्णव. तीनशे.

ताईनं डोळा काढला. स्टूलवर बसल्या बसल्या, मास्कच्या आत, स्वतःलाही ऐकू येणार नाही इतक्या हळू ती म्हणाली, “एकही नाही.”

दोन दारांपलीकडे बाक करकरलं.

“काय हो?” वहिनींचा आवाज आला. “रडताय कशाला?”

“काही नाही.” घड्याळवाल्यानं नाक ओढलं. मग तो कुजबुजला, पण ताईनंही आता ऐकायला शिकून घेतलं होतं. “हे बघ, ती बाहेर येऊन सांगेल. आपल्याला काही ठाऊक नाही असा चेहरा कर. नाहीतर तिचा विरस होईल.”